चौऱ्याहत्तर पूर्णांक पाच

पोलोग्राउंडच्या मागच्या गल्लीत
पांचाल उस्तादांनी ब्लॉक टेबलावर ठेवला,
चारही भोकं वर,
पेट्रोलचा बोळा फिरवला,
गेज आत सोडलं
आणि काही बोलले नाहीत.
काटा थरथरला. थांबला.
तिसऱ्या सिलिंडरपाशी त्यांनी चष्मा काढून पुसला,
तेव्हाच मला खर्च कळला.

"पचास का पिस्टन लगेगा, बेटा."
पचास म्हणजे अर्धा मिलिमीटर.
एवढ्या अर्ध्या मिलिमीटरसाठी
मी तेरा महिने भिशी भरत होते.
"इसके बाद एक बार और कटेगा,
फिर ये ब्लॉक भी बस."

वहीच्या पानाला मधोमध रेघ आहे.
डावीकडे हवंय ते, उजवीकडे झेपतंय ते.
एक्झॉस्टची गोड वळणांची नळी डावीकडून हललीच नाही.
दोन कार्बोरेटरही तिथेच राहिले, शेजारी शेजारी,
लग्न मोडलेल्या स्थळांसारखे.
तेलपंप मात्र उजवीकडे गेला, बेअरिंग गेली,
डोक्याचं गॅस्केट गेलं,
ज्यांच्याबद्दल कुणी कुणाला विचारत नाही
ती सगळी.

कॅमवर अडले. पाच दिवस.
जहाल कॅम पाच हजार फेऱ्यांच्या वर जागा होतो,
डिसेंबरात धावपट्टीवर चारशे मीटर
तो उडवून नेईल मला,
पण पलासियाच्या सिग्नलला
ताप भरल्यासारखी कापत उभी राहील एस्टीम,
आणि सोमवारी तिच्यातूनच आप्पांना
डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं असतं.
मवाळ घेतला.
घेतला आणि रात्री उठून पुन्हा वही उघडली.

सियागंजात गंगवानी म्हणाला,
गाडी किसकी?
माझी.
चलाता कौन है?
मी.
मग त्यानं माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.
मागे एक हातगाडी उभी होती,
पत्र्याच्या डब्यांनी भरलेली.
तिच्याकडून काही उत्तर येईना
तेव्हा त्यानं खोका काढला.

फोर्ज्ड पिस्टन, कोइम्बतूरचे.
ते तापले की जास्त फुगतात,
म्हणून बसवायचे जरा सैल.
थंडीत सकाळी पहिली तीन-चार मिनिटं
खडखडणार ते, मग आपल्या जागेत मावणार.
हे आप्पांना कसं सांगायचं?
वीस वर्षं त्यांनी ही गाडी चाळीसनं चालवली,
आवाज आला की कडेला घेतली,
उतरले, बॉनेट उघडलं,
काहीच न कळता पाच मिनिटं बघत राहिले
आणि गेले पुढे.

घरी मी चारही पिस्टन
जेवणाच्या टेबलावर मांडले, वर्तमानपत्र घालून.
आप्पा आले. बसले.
एक उचलला, तळहातावर नुसता झुलवला.
दुसरा. तिसरा.
तिसरा खाली ठेवेनात.
सराफ्यात तेहतीस वर्षं काट्यावर बसलेला माणूस,
डोळ्यांत मोतीबिंदू, पण हात तोच.
कपाटातून लाल पेटी आली,
तिच्यातून पितळी काटा, मखमलीतली वजनं.

दोनशे अठ्ठावीस.
दोनशे अठ्ठावीस.
दोनशे तीस.
दोनशे अठ्ठावीस.

"एका मिनिटात किती वेळा खालीवर जातो हा?"
सहा हजार, मी म्हटलं, जोरात असला तर.
आप्पांनी भिंतीवर बोटानं काहीतरी हिशेब केला,
मला दिसला नाही.
"दोन ग्रॅम," ते म्हणाले,
"दोन ग्रॅमसाठी आमच्याकडे
लोकांनी भाऊबंदकी केलीय."

दुसऱ्या दिवशी गंगवानीनं
सवयीनं पुन्हा माझ्या खांद्यावरून पाहिलं.
या वेळी तिथे कुणीतरी होतं,
काळा चष्मा, बगलेत लाल पेटी.
"आहेत नाहीत ते सगळे सेट काढा,"
आप्पा स्टूल ओढत म्हणाले.
"आम्हाला घाई नाही."