पाचपैकी

रविवारच्या शाळेचे अकरा पेपर
आणि एक लाल पेन, तेही अडखळणारं.
प्रश्न चौथा, गुण पाच:
इस्राएल लोकांनी कनानी लोकांना
देशातून का घालवून दिले नाही?

उत्तर मीच फळ्यावर लिहून दिलं होतं.
आज्ञा मोडली. विश्वास कमी पडला.
खोऱ्यातल्या लोकांकडे लोखंडी रथ होते.
दहाजणांनी तसंच उतरवलंय, माझ्या चुकांसकट.
अकरावा अब्नेर शेलार, इयत्ता पाचवी,
बाप टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळीला.
तो लिहितो:
"कारण की विहीर कनानि लोकांची होती.
आणि पाणी कधी येतं ते त्यांनाच माहीत होतं."

पेन थांबलं.

मनश्शेच्या वंशातली एक बाई दिसली मला,
शेळ्या हाकत बेथशानच्या खोऱ्यात उतरलेली.
पायाला नवी माती, काळी, चिकट,
आपल्या अक्कलकोट रस्त्याकडची असते तशी.
हौदाला चुना कसा लावतात तिला ठाऊक नाही,
कोणत्या पंधरवड्यात पेरायचं, तेही नाही.
शेजारची कनानी बाई कमरेवर हात ठेवून बघते.
आधी हसते. मग दाखवते.
दोघींचे रांजण एकाच भट्टीतले.
फुटल्यावर खापर कुणाचं,
ते तीन हजार वर्षांनी उकरणाऱ्यालाही
छातीठोक सांगता येत नाही.

पण पाठात पुढे एक ओळ आहे,
ती मी मुलांना शिकवली नाही.
इस्राएलच्या अंगात बळ आलं
तेव्हाही त्यांनी यांना हाकललं नाहीच.
वेठीला धरलं.

भिंतीपलीकडे अनसूयम्मा मेरगू विड्या वळते.
हजाराला किती मिळतात, मला माहीत आहे.
तरी गेल्या डिसेंबरात
तिच्याकडून सहा अभ्रे शिवून घेतले
तेव्हा दहा रुपयांसाठी मी घासाघीस केली
आणि जिंकले.

नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो,
ती ताटलीतून प्रसाद आणते, मी घेते.
पुढे त्याचं काय करते, ते पाळक विचारत नाहीत.
तीही विचारत नाही.
नाताळात माझ्या करंज्या तिच्याकडे जातात,
ताटली परत येते ती शेंगाचटणी घेऊन.
गटारावरून मात्र सात वर्षं
आमचं "बघून घेते" चालू आहे.

ताण्याबाण्याची उपमा देऊ नका मला.
अनसूयम्माचा नवरा चाळीस वर्षं मागावर होता.
तो सांगतो, उभा धागा आडव्यामुळे तुटत नाही,
ताणामुळे तुटतो.
आणि मागाला त्याचं काही वाटत नाही.

रात्रीचे दोन. आज पाचवा दिवस.
भिंतीवर टकटक, बांगड्यांचा आवाज, मग
"नीळ्ळोच्चिनय्, बाई!"
तेवीस वर्षांत तेलुगूतलं मला एवढंच आलं,
पण झोपेतही कळतं.
लाल पेन केसात खोचून मी घागरी उचलते.
ठरलेलं आहे: आधी दोन तिच्या, मग दोन माझ्या.
तिनं तिसरी लावली.
मी बोलले.
ती बोलली, मराठीत, माझ्यापेक्षा धारदार.
अख्खा बोळ जागा झाला.
नळ आपला चालूच होता.

पहाटे राहिलेला पेपर पुढे ओढला.
पाचपैकी चार दिले.
एक कापला.
कनानीतला नी
त्यानं ऱ्हस्व काढला होता.