फिका पिवळा

उणे सत्तरच्या फ्रीजरमधून
अकरा वर्षांपूर्वीचं रक्त काढलं आज.
नळीवर माझंच अक्षर, जरा तरुण:
चोइझिल, ट्रकचालक, अर्वाइखेर.

तेव्हा आकडा आला होता
एक पूर्णांक आठ शतांश. सीमा एकची.
आठ शतांश म्हणजे किती?
खळग्यात हळदीचं बोट बुडवून
लगेच काढून घेतलं, इतकं पिवळं.

मी शिक्का मारला. यकृताचा क नावाचा आजार, संशयित.
पक्क्या चाचणीची चिठ्ठी दिली राजधानीची.
ती त्यानं ट्रकच्या आरशामागे खोचली
आणि त्या दवाखान्यासमोरून
वर्षानुवर्षं कोळसा वाहत राहिला,
उतरला नाही.

त्याची बायको भेटायची बाजारात.
म्हणायची, घोडीच्या दुधाचा वाडगा
सगळ्यांच्या हातून फिरतो,
ह्यांच्यापाशी आला की उडी मारतो.
ह्यांचा वाडगा वेगळा, बुडाला लाल दोरा.
मी सांगायचे: वाडग्यानं नाही पसरत गं हा.
ती मान डोलवायची.
दोरा तसाच.

जुन्या चाचणीतली प्रथिनं यीस्टमध्ये वाढवलेली.
यीस्टशीच ओळख असलेलं
एखादं भाबडं रक्त आलं, की तेही चिकटायचं.
चोर सोडून संन्याशाला...
आणि फाशीची सही माझी.

नव्या चाचणीत प्रथिनं नीट गाळलेली,
धुणं तीनाऐवजी पाच वेळा.
मी तीनदा लावून पाहिली.
तिन्ही खळगे पाण्यासारखे.

फोन लावला. तिकडे वारा, इंजिन.
मी सगळं सांगितलं, आकड्यांसकट.
तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला,
वाडग्याचं काय करू?

ह्याचं उत्तर पेटीतल्या माहितीपत्रकात नाही.

आणि त्याच प्लेटवर, एक ओळ खाली,
इचिन्खोर्लो, शाळेतल्या स्वयंपाकीण.
तेव्हा निर्दोष. चार वेळा रक्त दिलेलं,
प्रत्येक वेळी मीच हातावर बिस्किटं ठेवलेली.
आज खळगा गर्द पिवळा,
सीमेच्या कितीतरी पलीकडे.
तोही तीनदा लावून झाला.

नंबर कागदावर लिहून ठेवलाय.
शाळा चारला सुटते.
मी प्लेट खिडकीशी धरून
पुन्हा एकदा बघते.