चौऱ्याहत्तर हजारांचा कान

ओजसने माइक आणला तो नवजात मूल आणावं तसा,
दोन्ही हातांवर, आल्या आल्या पंखा बंद करायला सांगत.
दोन दिवसांचं भाडं अठराशे,
विकत घेतला तर चौऱ्याहत्तर हजार.
"मामी, जर्मन आहे," म्हणाला,
म्हणजे यापुढे काही विचारायचं नसतं.

माझा जुना बावीसशेचा,
रावपुऱ्यात घासाघीस करून घेतलेला.
मानेला चिकटपट्टी, तोंडावर ह्यांचा एक पायमोजा,
दुसरा कधीचा हरवलाय.
त्याच्यापुढे सहा वर्षांत एकतीस पुस्तकं वाचली,
ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी,
दांडिया बाजारातल्या या दोन खोल्यांत,
कपाट उघडं टाकून, डोकं साड्यांत खुपसून.
ओजस म्हणतो, साड्या उत्तम. सुती त्याहून उत्तम.
पैठणीचा उपयोग नाही, ती आवाज परतवते.
हे मला लग्नातच कळलं होतं.

नव्याला सगळं ऐकू येतं.
फ्रिज सुरू व्हायच्या आधी फ्रिजच्या मनात येतं, ते.
खाली चंपकभाई सुट्टे मोजतात, ते.
माझा उजवा गुडघा.
पान उलटताना मी श्वास धरते, तेसुद्धा.
धरलेला श्वास कसा ऐकू येईल रे?
येतो मामी, ऐका.
हेडफोन लावले.
खरंच, तिथे एक खड्डा होता.

मग रात्री दोनला वाचलं.
फ्रिज बंद, घड्याळ गादीखाली,
खिडकीला तीन रजया, दूध नासलं.
सकाळी ऐकलं तर आत एक बाई होती,
माझ्यासारखीच, पण पासष्टची,
आणि प्रत्येक "शेवटी" म्हणताना
तिच्या कवळीतून बारीक शीळ यायची.

एकच प्रकरण, दोन्ही माइकांवरचं,
खोपकरांना पाठवलं.
टेलिफोन खात्यातली चौतीस वर्षं,
जन्मापासून डोळे नाहीत,
आवाजावरून माणसाची उंची सांगतात.
रात्री फोन आला.
"दुसरं फार सुंदर. पण गुप्तेबाई, तुम्ही होता कुठे?
पहिल्यात तुम्ही घरी असता.
पस्तीवाला येतो, म्हणजे अकरा वाजले.
मागच्या कादंबरीत तो मेला ना, नेमका तेव्हा
तुमच्याकडे तिसरी शिट्टी झाली.
मी तर बसल्या बसल्या ओरडलो, गॅस बंद करा!"

ओजसला सांगितलं. तो हसला नाही.
"त्यांना सवय झालीय, मामी. सवय म्हणजे दर्जा नव्हे."
तेही खरंच.
चौऱ्याहत्तर हजार असते तर
मीही जुन्याचं एवढं कौतुक केलं नसतं.
पायमोजाचं तर नाहीच.

सोमवारी माइक परत गेला.
अनामतीतले पन्नास कापले,
जाळीवर हळदीचं बोट होतं म्हणे.

मी मात्र खोपकरांना पुन्हा फोन लावला.
"ती शीळ, माझ्या दातांची.
जुन्यावर येत नाही ना ऐकू?"
"येते की."
"एकतीस पुस्तकं?"
"पहिली चार नाही. पाचव्यापासून.
मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

सहा वर्षं.
आणि मी रागाने कुकर, पस्ती, चंपकभाई
यांच्याकडे बघत होते.

डॉक्टर दलालांचा नंबर फ्रिजवर लावलाय.
कवळी घासून द्यायचे चारशे घेतील, फार तर पाचशे.
अजून फोन केलेला नाही.
बत्तिसावं पुस्तक सुरू आहे,
पायमोजा धुऊन वाळतोय,
आणि फ्रिज आता सुरू होणार,
मला आधीच कळतंय.