अट क्रमांक नऊ

कागद ताराबाई पार्कातल्या ऑफिसातून आले होते,
तीन सह्या, दोन शिक्के, पिनेला लटकलेली चलनाची पावती.
‘प्रयोजन’ ह्या रकान्यात आधी कुणीतरी लिहिलं होतं: प्रेम.
मग ते खोडून, बाजूला छोटी सही करून,
विवाहपूर्व छायाचित्रण, खासगी.
खोडलेलं अजून वाचता येत होतं.

दाजीपूरच्या नाक्यावर मी अटी वाचून दाखवतो,
आणि वाचून दाखवल्या म्हणून सही घेतो.
ड्रोन नाही. रंगीत धूर नाही. शिट्टी, गाणं, भोंगा नाही.
बाहेरची फुलं-पानं आत आणायची नाहीत.
भडक कपडे नकोत.

मगदुमांची श्रुतिका तेव्हा गाडीतून उतरत होती,
म्हणजे ती उतरली होती, तिचा लाल झगा अजून
मागच्या सीटवरून येतच होता.
‘लाल चालत नाही का हो मामा?’
म्हटलं, रंगाचं ऑफिस बघेल, ताई,
पण एवढं कापड गवतातनं ओढलं
तर गोचिडी मोजत बसाल हळदीपर्यंत.

तिने गाडीतच झगा बदलला.
आईची मेंदी रंगाची इरकल, पायात बूट,
गळ्यात साज, तो मात्र ठेवला.

फोटोवाला सुकुमार चौगुले, राजारामपुरीचा,
त्याच्याकडे पोतंभर प्लास्टिकची फुलं.
प्लास्टिकचं फूल ‘बाहेरची फुलं-पानं’ यात येतं का?
ऑफिसला विचारावं तर फोनला रेंज नाही.
बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा
मी स्वतःच्या अधिकारात काहीतरी ठरवलं.
पोतं नाक्यावर राहिलं.

आत अंजन फुललं होतं.
जांभ्याच्या सड्यावर निळं, बारीक, कुणी न मागता.

संग्राम बेडगे, नवरदेव, शिरोलीच्या फाउंड्रीत.
हातांवर उडालेल्या लोखंडाचे डाग.
‘हात खिशात घाला,’ चौगुले म्हणाला.
त्याने घातले.
तिने काढले.
एवढंच. पुढचा अर्धा तास
हाताबद्दल कुणी काही बोललं नाही.

‘आणि गवा?’ तिनं विचारलं.
शेण दाखवलं. ताजं, वाफेचं.
म्हटलं, तो बघतोय आपल्याला,
त्याला परवाना लागत नाही.
त्यावर ती हसली तो फोटो चांगला आला असणार,
पण चौगुले लेन्स बदलत होता.

मग त्याने मला चंदेरी पत्रा दिला,
पत्रा नव्हे, कापडच ते, गोल, दुमडणारं.
‘मामा, जरा उजेड फेका की तोंडावर.’
अट क्रमांक नऊ:
सोबतचा वनरक्षक कोणत्याही चौकटीत दिसता कामा नये.
उजेडाबद्दल अटीत काही नाही.
मी दोन्ही हातांनी ऊन धरलं
आणि हळूच तिच्या गालावर सोडलं.
माझ्या लग्नात एकच फोटो निघाला होता.
मुंडावळ्यांनी दोघांचेही डोळे झाकलेले.

दहाला पाच कमी असताना म्हटलं, आवरा.
दहाला आवरलं होतं.
दहा वाजून चार मिनिटांनी गवा सड्यावर आला,
पांढरे मोजे घातल्यासारखे पाय,
अंजनापाशी थांबला, पुरा, आडवा, जणू पोज देऊन.
चौगुलेचा हात बॅगेच्या चेनीवर गेला.
त्याने माझ्याकडे बघितलं.
मी घड्याळाकडे.
चौघंही उभे राहिलो तसेच, हात मोकळे.

महिन्याने विभागाच्या फायलीसाठी प्रती आल्या,
बारा फोटो, चकचकीत कागदावर.
तपासून शेरा मारायचं काम माझ्याकडेच.
सातव्यात ती अगदी जवळून, हनुवटीपर्यंत.
चष्मा पुसून पुन्हा बघितलं.
तिच्या दोन्ही बुबुळांत एकेक चंदेरी टिकली,
आणि टिकलीच्या खाली, मोहरीएवढा,
खाकी.

फोटो खिडकीपाशी नेला. परत आणला.
शेरा लिहिला:
अटींचा भंग आढळला नाही.
खाली सही, तारीख, आणि शिक्का,
जरा तिरका बसला.