डी म्हणजे उजवं

शुक्रवारी, ऑट्लीचा बाजार उठल्यावर,
मिसेस थॅकरे चढावरून सायकल ढकलत आल्या.
दोन्ही टायर बसलेले, घंटीत कोळ्याचं घर.
'हेमा, लव्ह, तू ती कानातली यंत्रं दुरुस्त करायचीस ना,
मग हे काय तुला जड?'

कानातल्या यंत्राचा स्क्रू असतो तांदळाच्या कणीएवढा.
हे लोखंडाचं अख्खं खटलं.
कुंपणाला देतात तो हिरवा रंग, ब्रशने थापलेला,
नाव नाही. पुढच्या नळीवर दोन भोकं,
बिल्ला असायचा तिथे.
'फ्रेंच आहे. विल्फने एकसष्ट साली घेतली, लग्नाआधी.
असं तो म्हणायचा.'

फ्रेंच आहे हे तिनेच कबूल केलं, तिच्या तऱ्हेने.
माझं एकही हत्यार तिला लागू पडेना.
क्रँक ओढायचा पुलर भोकात नुसता गरगरला,
बावीसचा तो, आणि भोक तेवीस पॉइंट पस्तीस.
कुणाला सुचलं असेल हे पस्तीस?
उजवा कप इंग्रजी सवयीने उलटा फिरवत बसले
तीन संध्याकाळी, वर उकळतं पाणी ओतून, शिव्या देऊन.
हिचे आटे दोन्हीकडे सुलटेच.
तीन संध्याकाळी मी तो आवळत होते.

पेडलच्या टोकांवर मळाखाली अक्षरं निघाली,
एकावर डी, एकावर जी.
डी म्हणजे डावं, माझ्या हातांनी परस्पर वाचलं.
लीड्सच्या हॉस्पिटलात एकतीस वर्षं पगार घेतला,
हात अजून मराठीतच वाचतात.
एक आटा गेला, दुसरा अडला, मी जोर केला,
आणि ॲल्युमिनियमचा चकचकीत कीस
टेबलावर पडला, नखाच्या चंद्रकोरीसारखा.
डी त्यांच्याकडे उजवं.
(कीस काडेपेटीत ठेवलाय. फेकवत नाही.)

हँडलचा खांब मात्र इंग्रजी निघाला.
तो बावीस पॉइंट दोन, फ्रेंच नळी बावीस.
विल्फने पॉलिश पेपरने घासून घासून उतरवला होता,
बोटभर घासायचं, घालून बघायचं, परत बोटभर;
ओरखड्यांत प्रत्येक थांबा दिसत होता.
कुंपणापलीकडून हा माणूस अठरा वर्षं
नुसती मान हलवायचा मला.
सुतावरून स्वर्ग गाठू नये.
पण शून्य पॉइंट दोनवर मी त्याच्याशी बराच वेळ बोलले.

मागचा हब रॉकेलमध्ये, दात घासायच्या जुन्या ब्रशने.
बारीक आकडे उमटले: आठवडा चोवीस, साल चौऱ्याहत्तर.
मी काही बोलले नाही. भिंग तिथेच पडलं होतं,
चहाला आल्या तेव्हा त्यांनी उचललं.
'चौऱ्याहत्तर,' म्हणाल्या. मग, 'जून.'
'चाकं बदलतात लोक. चाकावरून फ्रेमचं वय ठरत नाही.'
हे खरंच आहे, धीर द्यायला म्हणून नव्हे.
'त्या उन्हाळ्यात तो सहा आठवडे घरी नव्हता,'
त्या म्हणाल्या. बिस्किट कपात विरून गेलं.
'रंग खरवडू नकोस हं.'

नाही खरवडला.
सीटखालच्या खाचेत, हिरव्याचा पोपडा उडालेला,
फिकट निळा पट्टा दिसला, पावलीएवढा.
त्याला मेण लावलं.
विचारलं असतं तर दाखवला असता.

प्लॅस्टिकचा डिरेलर तडकलेला, त्याला जोड मिळाला नाही;
आहे तोच तारेने बांधला. डाव्या क्रँकला नवे आटे पाडले.
बदकाची आठ अंडी देऊन त्या सायकल घेऊन गेल्या,
बसल्या नाहीत, बाजूने चालत, उताराने.
मागचं चाक टिकटिकत होतं.
वळणापर्यंत मला ऐकू आलं, वळणानंतरही थोडं.