एकोणीस नंबरचा तुकडा

खोक्यावर लिहिलंय : वय वर्षं चौदापासून पुढे.
मला अडुसष्ट चालू आहे, म्हणजे चालतं.

चुनाभट्टी, दुसरा मजला, गॅलरी.
पोळपाट उलटा, त्यावर परवाचा पेपर,
पेपरवर मालडब्याचे बेचाळीस तुकडे,
राखाडी चौकटीला अजून नाळेनं जोडलेले.
नेलकटरनं नाळ तोडायची,
काचपेपरनं बेंबी घासायची,
डिंक टाचणीच्या टोकावर येईल तेवढाच.

सगळं सत्त्याऐंशी पट लहान.
माटुंगा वर्कशॉपच्या खड्ड्यात
जो ब्रेक ब्लॉक डाव्या हातानं डोक्यावर तोलून
उजव्या हातानं चावी ठोकायचो,
तो आता चिमट्यात, तांदळाच्या कणीएवढा,
आणि हात थरथरतो तो आत्ता.

मालिनी म्हणते, खालचं कशाला एवढं?
रुळांवर ठेवलात की कोण वाकून बघणारेय?

तिला काय सांगू.
चौतीस वर्षं मी डबा खालूनच पाहिला.
वर गहू आहे की सिमेंट
ते अंगावर काय गळतं त्यावरून कळायचं.
डब्याला चेहरा असतो, तो पोटाला असतो.

सात बसले. आठवा,
एकोणीस नंबर,
चिमट्यातून उडाला.
टिक्.
मग काहीच नाही.

टॉर्च फरशीला टेकवून आडवा धरला,
म्हणजे कणाचीही लांब सावली पडते.
मोहरी. बीपीची अर्धी गोळी. मेलेली मुंगी.
कपाटाच्या मागच्या पायाशी
मालिनीच्या कुडीची फिरकी.

दोन हजार अकरा साली हरवलेली.
हौसाबाईंना आपण तेव्हा काय काय बोललो.
त्या म्हणाल्या होत्या, झाडते मी, उचलत नाही.
दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत,
उरलेला पगार न्यायलाही नाही.

मी वसईला पास्कू लोपीसला फोन लावला.
फिरकीचं नाही सांगितलं. तुकड्याचं सांगितलं.
तो इतका हसला की त्याला खोकला आला.
म्हणाला, तेव्हा बोल्ट तोंडावर पडायचे,
आता तू त्यांच्या मागे रांगतोस.
मग म्हणाला, सात ब्लॉकवर सोडलाय कधी डबा आपण?
सिक लायनीला लाव.

लावलाय. खिडकीच्या कट्ट्यावर,
खडूची फुली मारून,
फुली डब्यापेक्षा मोठी झाली.

मालिनीनं फिरकी धुतली, पुसली,
डबीत ठेवली, परत बाहेर काढली.
तिसऱ्या मजल्यावरच्या शेट्येबाईंकडे
हौसाबाईंच्या सुनेचा नंबर असेल का, विचारलं.
मी म्हटलं, असेल.
जिन्यात तिच्या चपला वाजल्या,
पहिल्या वळणापर्यंत भरभर,
मग हळू.