रिकाम्या जागेचा दावा

वरचा, पुढचा, डावीकडचा.
गेला तिळगुळाच्या लाडवात.
गोड बोला म्हणणाऱ्या मेव्हणीच्या समोरच
लाडू अर्धा, दात अख्खा.
सगळे हसले. मीही हसलो,
मग तोंड मिटलं.

पण माझं काम तोंड मिटून होत नाही.
धोबीतलावच्या लघुवाद कोर्टात
दारात उभा राहून मी नावं पुकारतो.
सव्वीस वर्षं. भाडेकरू, मालक, पोटभाडेकरू,
मेलेल्या मालकांचे सात-सात वारस.

आपल्या नावांत दात किती असतात
कधी लक्ष दिलंय?
दत्ताराम. धोंडू. तानाबाई. नथू.
त थ द ध न म्हणताना जीभ कुठे टेकते
ते चौथीत गुरुजींनी स्वतःचा जबडा उघडून दाखवलं होतं.
आता टेकायला जावं तर भिंतच नाही,
नुसता वारा.

त्या मंगळवारी पुकारलं:
द्वारका दादू तांडेल, हजर?
द्वारका दादू तांडेल?
बाकावरच्या एका बाईनं तिन्ही वेळा वर पाहिलं,
तिन्ही वेळा पुन्हा पिशवीतल्या कागदांकडे.
वादी गैरहजर. दावा काढून टाकला.
दीड वाजता ती माझ्याकडे आली,
"दादा, माझं नाव कधी येणार?"

मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

संध्याकाळी डॉक्टर लवीना कुटिन्हो.
चष्म्याच्या दुकानावरचा दवाखाना,
जिन्याला कठड्याऐवजी दोरखंड.
म्हणाली, "जागा रिकामी ठेवू नका, काका.
बाजूचे दोघे हळूहळू आत झुकतात.
खालचा वर चढून येतो."
म्हटलं, बाई, हे मला नका सांगू.
मी पगार ह्याचाच घेतो.

"ब्रिज करू. बाजूच्या दोघांवर टोप्या,
मधला त्यांच्या आधारानं उभा."
ते दोघे चांगले आहेत ना?
"एकदम धडधाकट."
मग?
"मग त्यांना घासून बारीक करायचं.
नाहीतर टोपी बसेल कशी?"

सुई. ओठ दुसऱ्याच कुणाचा तरी झाला.
मशीन फिरलं आणि माझ्याच तोंडातून
केस जळल्याचा वास.
नळीनं तिनं सगळी भुकटी ओढून घेतली,
आरसा धरला:
दोन खुंट्या, मधे अंगण.

लहानपणी पडलेला दात कौलांवर फेकून
उंदराला म्हणायचो, माझा घे, तुझा दे.
उंदरानं बिल पाठवलं. अठरा हजार, तीन हप्त्यांत.
रंगाची पट्टी ओठापाशी धरून ती म्हणाली,
"पांढरा शोभणार नाही. चहा किती घेता?"
मी खरं सांगितलं. तिनं खरा रंग निवडला.

बसवल्यावर रात्री गच्चीवर गेलो.
टाक्यांच्या मधे उभा राहून
उद्याचा अख्खा बोर्ड पुकारला.
समोरच्या इमारतीत कुणीतरी दिवा लावला,
कोण हवंय, म्हणून विचारलं.

तांडेलबाईंचा अर्ज दोन महिन्यांनी आला.
एकदाच पुकारलं.
द थेट व्हरांड्याच्या टोकाला गेला, तिथल्या माठावर आपटला.
ती उठली, माझ्या अंगावरून आत गेली.
माझ्याकडे पाहिलं नाही. का पाहावं?

आता सगळे म्हणतात, कळतही नाही.
मला कळतं.
घास घेताना मधल्याचं ओझं
दोन्हीकडे उतरतं, टोप्यांच्या खाली,
जिथे ते दोघे उभे आहेत, सोललेले.
त्यांचा काही गुन्हा नव्हता. शेजारी होते इतकंच.
त्यांना नोटीस गेली नाही.
त्यांचं नाव कुणी एकदाही पुकारलं नाही,
आणि पुकारणारा तर मीच.

पेरू आला की सुरीनं कापतो,
फोड दाढेकडे सरकवतो.
बायको म्हणते, एवढे पैसे घातले, चाव की पुढून.
मी नुसती मान हलवतो.